कधी न ओढलेली विडी सोडल्याबद्दल

प्रति,
मा. रुग्णशिक्षण अधिकारी,
छाती व श्वसनविकार विभाग,
सार्वजनिक रुग्णालय

विषय : विडी कधीच न ओढलेल्या रुग्णास, ती सोडल्याची तारीख न देता, प्राणवायूचे यंत्र मिळणेबाबत.
संदर्भ : तारखेची जागा कोरी राहिल्याने परत आलेले आमचे प्रतिज्ञापत्र.

महोदय,

सकाळचे नेमाचे मौन सुटल्यावर लिहायला बसले आहे. साठलेले शब्द जरा जास्त झाले, तर क्षमा असावी.

१. माझ्या यजमानांनी उभे आयुष्य गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजला. आता छातीचा जुनाट विकार आहे. डॉक्टरांनी घरी प्राणवायूचे यंत्र लिहून दिले. ते आपल्या शिक्षणवर्गाचा दाखला असेल तरच मिळते. वर्ग आम्ही मनोभावे पूर्ण केला. विडीचे तोटे, सिगारेटचे तोटे, हुक्क्याचे तोटे. कापसाच्या धुळीचे नावही निघाले नाही. ती निरुपद्रवी असावी. यांनाच उगीच खोकायची हौस.

२. शेवटी प्रतिज्ञापत्र आले : ‘मी अमुक तारखेस धूम्रपान सोडले.’ यांनी ते कधी धरलेच नाही, असे मी सांगितले. वर्गातील ताई म्हणाल्या, “मावशी, रकाना रिकामा चालत नाही हो. काकांना एकदा ओढू द्या आणि लगेच सोडायला लावा, म्हणजे सगळं नियमात बसेल.” त्या माउलीची तळमळ खरी होती. बोलायला दम नसल्याने यजमानांनी खुणेनेच माझ्याकडे काडेपेटी मागितली. थट्टा तेवढी अजून शाबूत आहे.

३. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही हवी आहे. खोटे न बोलण्याचा माझा रोजचा नेम आहे, तेव्हा तो कोणत्या तारखेपासून सोडावा हेही कळवावे. पूजेत मी नित्य धूप जाळत असे. आमच्या घरात धूर कशाचा होतो, हे वर्गात कोणी विचारले नाही. एका सकाळी यांचे ओठ निळे पडले, तेव्हा मला कळले. धूप बंद केला. देवाने अजून खुलासा मागितलेला नाही.

तरी विनंती की, रुग्णाला त्याचे काम आणि घर विचारून मग शिकवावे, प्रतिज्ञापत्रात ‘कधीच नाही’ एवढे लिहायला जागा करावी आणि आमचे यंत्र सोडावे. ते जमत नसेल, तर विडी ओढायला शिकवणारा वर्गही आपणच उघडावा. दम आहे तोवर आम्ही नाव नोंदवतो.

दम लागणाऱ्यांचा वर्ग आपण सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवला आहे. यजमान दर वेळी बसत-उठत तेथवर पोचले. आज मात्र जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबले आहेत, म्हणून अर्ज घेऊन मी एकटी वर आले आणि हे शेवटचे आपल्या दाराशी लिहीत आहे. निर्णय सांगायला कृपया आपण खाली यावे. साहेब दिसले की ते उठून उभे राहतील, त्यांची रीतच आहे. तेवढे त्यांना करू देऊ नये.

आपल्या दाराशी थांबलेली,
नम्र अर्जदार
(सही)
रुग्णाची पत्नी
दि. ९ जुलै

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, प्रतिज्ञापत्र, सहीविना.