चित्रातलं धुकं

बॉथेल, अमेरिका, रविवार

प्रिय वसंतकाका,

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमची उभी हयात नौदलात गेली, तुम्हाला हे कसं सांगू?

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही इथे आलात तेव्हा शेजाऱ्यांच्या गराज सेलमधून हौसेनं आणलेलं जुन्या अमेरिकन युद्धनौकेचं चित्र आम्ही डायनिंग टेबलाजवळ लावलं होतं. आज आमच्या रुहीची शाळेतली मैत्रीण तिच्या आजीला घेऊन आली. आजी अलास्काच्या किनाऱ्यावरची, त्लिंगिट जमातीची. चित्रापुढे ती थबकली.

"किनाऱ्यावरच्या घरांवरचं धुकं किती छान काढलंय ना?" मी म्हणाले.

"धुकं नाही, धूर आहे तो." तिनं खालचं जहाजाचं नाव पुन्हा वाचलं. "ह्याच जहाजानं आमच्या गावावर तोफा डागल्या. शिक्षा म्हणून. घरं, होड्या, हिवाळ्यासाठी सुकवलेले मासे, सगळं जाळलं. माझी पणजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिची दोन धाकटी भावंडं त्या हिवाळ्यात भुकेनं गेली."

वर्षभर आम्ही त्या चित्राखाली बसून हसतखेळत जेवलो, काका! मी ते ओरबाडून काढलं आणि कचऱ्यात टाकायला निघाले. तिनं माझा हात धरला.

"टाकू नकोस. आमच्या त्या गावाचं दुसरं चित्रच नाही. मला देशील?"

मी दिलं. जाताना ती मलाच थँक्यू म्हणाली.

तुमची पुतणी,
मृणाल