शंभराला सव्वातीन

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवणार होतो, पण डावा गुडघा सध्या वाकत नाही. तेव्हा तूर्त सात अंगांचा धरून घे, आठवं बरं झालं की पाठवतो.) तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांत औषध घालतेस ना? "घालते" एवढंच लिहू नकोस. किती थेंब आणि दिवसातून किती वेळा ते आकड्यांत लिही, कारण तुझं "घालते" म्हणजे आठवड्यातून एकदा, हे मी ओळखून आहे. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझं शिलाईचं टेबल मंगळवारी टेंपोतून सुखरूप आलं, ओरखडासुद्धा नाही. त्याची काळजी करू नकोस आणि त्याबद्दल फार विचारूही नकोस.

तू अट घातली होतीस ती मला तोंडपाठ आहे. खिडकीखाली टेबल बसलं तर कायमची राहायला येईन, नाही बसलं तर समजा की माझीही तुमच्या घरात अडचणच होणार. सोबत माप पाठवलंस, लांबी एकशे वीस सेंटीमीटर. मी वाचून नुसता हसलो. अगं, बावीस वर्षं मी मापनशाळेत लोकांची वजनं, पट्ट्या आणि टेपा तपासतोय, आणि मला तू मापाची अट घालतेस? (मी "लोकांच्या चुका काढायच्या नोकरीत" आहे असं तू सगळ्यांना सांगतेस. सांग बापडी.)

सुतारकाकांना बोलावलं. खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीतली कपाटं करायची आणि मधे तुझ्या टेबलाची जागा, असा बेत. सुतारकाका म्हणाले, साहेब, दोन बोटं जास्त ठेवू या. झालं! मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि बोट हे एकक का नव्हे ते समजावून सांगितलं. मीटर पहिल्यांदा पृथ्वीच्या घेरावरून ठरवला, मग धातूच्या एका दांड्यावर आला, आणि आता तर प्रकाश एका सेकंदाच्या तीस कोटीव्या भागात जेवढा पळतो साधारण तेवढा मीटर. (साधारण म्हटलं ते त्यांच्यासाठी. खरा आकडा मला पाठ आहे, पण तुला झोप लागेल. मागच्या खेपेला किलोग्रॅमवरच लागली होती.) सुतारकाकांनी सगळं ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, मग दोन बोटं ठेवू ना? मी म्हटलं, एकशे वीस सेंटीमीटर आणि वर दोन मिलिमीटर, त्यापुढे केसभरही नाही. मापनशाळेतून तपासून आणलेली पोलादी टेप मी स्वतः धरली. जागा अशी झाली की बघत राहावं.

मंगळवारी टेबल आलं. चौघांनी उचललं, खिडकीपाशी नेलं आणि ते डाव्या कपाटाला टेकवलं, तर उजवीकडचा कोपरा उजव्या कपाटावर चढून बसला. तिरकं केलं, उभं केलं, मी "जरा दाबा" असंही म्हणालो, म्हणजे बावीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली. शेवटी टेबल मोजलं. एकशे चोवीसला एक मिलिमीटर कमी. सुतारकाकांनी फक्त जागेबाहेर उरलेल्या भागावर आपली दोन बोटं ठेवली, आणि ती बरोबर मावली.

घामाघूम होऊन मी करवत मागितली. टेबलाचा एक कोपरा किंचित कापला तर काय बिघडतं, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. तुझी भाचेसून टेबलापुढे आडवी उभी राहिली आणि म्हणाली, आधी मला कापा. (करवत परत दिली.)

मग टेबलाचा ड्रॉवर उघडला, त्यात तुझी पिवळी कापडी टेप. संशय आला म्हणून दुसऱ्या दिवशी मापनशाळेत नेली आणि तपासणीच्या बाकावर ताणून बसवली. आत्या, तुझे शंभर सेंटीमीटर म्हणजे जगाचे एकशे तीन आणि वर पाव! इतकी वर्षं माणसांच्या छात्या-कमरांना गुंडाळून ती ओढली गेली, सैल झाली, आणि तू तिच्यावरच विसंबून राहिलीस. नियमानं मी तिला लाल कागद चिकटवला, नापास.

तेवढ्यात मोठे साहेब आले. म्हणाले, या टेपनं शिवलेले कपडे कसे बसायचे? मी म्हटलं, छान! माझ्या नोकरीच्या मुलाखतीचा शर्ट, लग्नाचा कोट, सगळं अंगाबरोबर. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. माणूस तू त्याच टेपनं मोजायचीस आणि कापडही त्याच टेपनं. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणजे चूक नाहीच. साहेबांनी स्वतःच्या बाह्या दाखवल्या, बोटांपर्यंत लोंबत होत्या. म्हणाले, आमच्या शिंप्याची टेप पास आहे.

किलोग्रॅमची ती गोष्ट आठवते का? (नाही आठवणार, घोरत होतीस.) सव्वाशे वर्षं काचेच्या झाकणांखाली ठेवलेला धातूचा एक ठोकळा म्हणजेच किलोग्रॅम होता. त्याच्या नकला त्याच्याशी जुळेनात, तरी तो चुकला असं कुणाला म्हणता येईना, कारण किलोग्रॅम तोच. आमच्या घरात ती जागा तुझी आहे. आईबाप गेल्यावर मी ज्या मापानं वाढलो ते तुझं माप.

पण टेबल बसलं नाही, हे खरं. ते दिवाणखान्यात आडवं पडलंय, आम्ही त्याच्यावरच जेवतो. तब्येतीला जप.

तुझा,
चुका काढणारा भाचा

ता. क. वरचं पत्र परवाचं. टाकायचं राहिलं, कारण काल सुतारकाकांना पुन्हा बोलावून उजवीकडचं कपाट मुळासकट काढलं. ते माझं होतं. बावीस वर्षांची प्रमाणपत्रं आणि एक ढाल आता माळ्यावर सुखात आहेत. टेबल बसलं, शेजारी तुझी खुर्ची बसली, वर दिवाही लावला, सुईत दोरा ओवताना डोळे ताणायला नकोत.

ता. ता. क. टेप परत पाठवणार नाही. काचेच्या बरणीत घालून ठेवली आहे.

ता. ता. ता. क. बरणीत घालताना भाचेसुनेनं टेप उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला शाईनं, तुझ्याच अक्षरात लिहिलंय: "शंभराला सव्वातीन जास्त धरणे." म्हणजे तुला माहीत होतं! टेबल बसणार नाही हे ठाऊक असूनच एकशे वीस लिहिलंस. वर न येण्याला अडचणीचं निमित्त! आत्या, मी तुझ्या मांडीवर वाढलो तेव्हा तुझ्या एका खोलीत माझी अडचण तू कोणत्या टेपनं मोजली होतीस? (आणि टेप ड्रॉवरमध्ये विसरलीस की मुद्दाम ठेवलीस, ते मी विचारत नाही. मला हवं ते उत्तर मी धरून चाललोय.) खिडकीखाली आता आमच्या मापानं एकशे सत्तर सेंटीमीटर जागा आहे. तुझ्या मापानं किती भरते, ते मोजायला तुलाच यावं लागेल. रविवारी घ्यायला येतोय.