मधला चेंडू

४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लग्नाने घराला जावई मिळाला आणि माझी जोडी बुडाली. बारा वर्षे तुझे यजमान आणि मी टेनिसमध्ये दुहेरी खेळलो, अजिंक्यपदे मिळवली, मधल्या चेंडूसाठी एकमेकांच्या पायांवर पाय दिले. आता तो चेंडू आला, की ते जावई म्हणून मी सोडतो आणि मी थोरला म्हणून ते सोडतात. चेंडू निवांत मधून निघून जातो. लागोपाठ तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत गारद झालो. राष्ट्रीय स्पर्धाही हातची गेली, तर जोडी मोडू, असे निवड समितीने कळवले आहे. या वयात मला दुसरा जोडीदार कोण देणार?

प्रकृतीस जपावे.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसू आवरेना रे! घरीही तेच. तू आलास की दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ चालतं आणि मी पिशव्या घेऊन मागे ताटकळते. काळजी सोड. यांना तुझं एक मत आजच ऐकवलं. यांचंही ऐक: जोडीत खेळतात ते एकटेच, दादा फक्त नाणेफेकीला लागतो!

राग माझ्यावर नसावा.
तुझी धाकटी

२४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले! आठवडाभर आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. मधला चेंडू दिसला की दोघेही वैऱ्यासारखे तुटून पडत होतो. रॅकेटी आदळल्या, माझे कोपर सुजले. प्रतिस्पर्धी घाबरून मागेच सरकले. करंडक हाती आल्यावर, मी त्यांच्या सर्व्हिसला म्हाताऱ्याचा खोकला कधी म्हटले, असे त्यांनी दात-ओठ खात विचारले. मीही नाणेफेकीचे काढले. तुझी लबाडी उघडी पडली आणि आम्ही गळ्यात गळे घातले. पण मानपान पुन्हा सुरू झाला आहे आणि पुढली स्पर्धा तोंडावर आहे. तेव्हा कृपा करून एखादी नवी थाप शोधावी.

आशीर्वाद आहेतच, उत्तराची घाई करावी.
तुझा दादा

२९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन! कोपर शेकत जा. पण थापेचा आरोप मला मान्य नाही. दोन्ही वाक्यं तुमच्याच तोंडची. लग्नाआधी दर सामन्यानंतर तुम्ही दोघं आळीपाळीने माझ्याकडेच गाऱ्हाणी घेऊन येत होतात. तुम्ही विसरलात, मी नाही. अजून दहा वर्षं पुरतील इतकी शिल्लक आहेत; प्रत्येक स्पर्धेआधी एकेक पाठवीन.

तुम्हा दोघांत लोभ असावा, पण मैदानाबाहेर.
तुझी धाकटी