ओझेला बाईंच्या चुलीवर ठेवलेली खुर्ची

नॉक्सव्हिल, ११ ऑगस्ट १९८७

आदरणीय वर्डेल मावशीआजी यांस,

तुमच्या बहिणीचा, आयडेला आजीचा, नातू क्लेमन याचा नमस्कार. डेट्रॉइटच्या थंडीत तुमचे गुडघे फार दुखत नसतील अशी आशा आहे. (ऑगस्टमध्ये थंडी नसते हे मला माहीत आहे, मागच्या पत्रातली चौकशी राहून गेली होती, ती आधी पूर्ण केली.) इकडे सर्व ठीक. मीही ठीक.

आठ ऑगस्ट पार पडला. मे महिन्यात आजी गेली तेव्हापासून मला त्याच दिवसाची धास्ती होती. पालिकेने आपली खालची आळी पाडल्यापासून तुम्ही एकदाही आला नाहीत (मोटारी लावायच्या मैदानावर सण करायला मी येणार नाही, असं म्हणाला होतात, चूक नव्हतं), म्हणून सांगतो. आपले पूर्वज गुलामीतून सुटल्याच्या या दिवशी खालच्या आळीतली उरलेली माणसं अजूनही त्या मैदानावर जमतात आणि जिथे ज्याची ओसरी होती तिथे खुर्ची टाकून दिवसभर बसतात. आजीला कधी मोजावं लागलं नाही. मोटारीतून उतरायची, तिरकी चालत जायची आणि मध्येच थांबून "इथं" म्हणायची. मी खुर्ची टेकवायचो. (कशावरून ओळखतेस, हे मी कधी विचारलं नाही. तेवीस वर्षांचा झालो, पण एवढं सुचलं नाही.)

यंदा चूक नको म्हणून मी पालिकेतून जुना नकाशा मिळवला आणि आदल्या दिवशी टेप घेऊन सबंध आळी खडूने आखली. (गादीच्या कारखान्यात मापं मीच घेतो, बोटभरसुद्धा फरक पडत नाही.) सकाळी आजीची खुर्ची ठेवली आणि शेजारी उभा राहिलो. तेवढ्यात काठी आपटत शेजारच्या ओझेला बाई आल्या. वय शहाऐंशी, आवाज चाळिशीतला. "उचल रे ती! आयडेलाला माझ्या चुलीवर बसवलंस!" मी नकाशा दाखवला. "ज्यांनी घर पाडलं त्यांचाच ना हा कागद? आणि आता माझी चूल कुठे होती ते मलाच सांगतायत!"

मग सगळेच उठले. माझ्या आखणीत चर्चचे डीकन प्रुइट यांचं घर ओढ्यात गेलं होतं. दोघा म्हाताऱ्यांनी कुंपणावरून आलेल्या प्लमच्या फांदीचं भांडण, आता फांदी नसताना आणि कुंपणही नसताना, जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं. मी खुर्ची घेऊन सात जागा बदलल्या. एकदा तर मी कुणाच्या तरी संडासात उभा आहे असं कळलं, तेव्हा माफी मागून बाहेर आलो. दुपारी डीकननी प्रार्थनेत पहिल्या सुटून आलेल्यांची नावं घेतली. त्यांनी ओढ्याकाठी फळ्या ठोकून आळी उभी केली, भट्टीत लोखंड ओतलं, टेकडीवरच्या घरांचं धुणं धुतलं. मी पँटभर खडू घेऊन मान खाली घातली. कलिंगड कापेपर्यंत, कुणाचा रेडिओ कुणाला ऐकू यायचा हे एकमेकांना विचारत, सगळे आपापल्या ओसरीवर पोचले. आपलं घर तेवढं सापडायचं राहिलं. पलीकडचे शेजारी वारले, आणि ओझेला बाईंना आठवतं ते एवढंच की आजी हाक न मारता मागच्या दाराने यायची.

शेवटी त्याच म्हणाल्या, "ठेव माझ्या चुलीजवळ. नाही तरी जन्मभर तिथेच बसायची." संध्याकाळपर्यंत आजी तिथे बसली होती. म्हणजे खुर्ची.

तुमचा आज्ञाधारक,
क्लेमन

ता. क. आपल्या घरात राहिलेल्या आता तुम्ही एकट्याच. ओझेला बाईंच्या चुलीपासून आपली ओसरी किती पावलांवर होती? आकडा लिहून पाठवू नका. माझ्या मोजमापाचं काय झालं ते वर आलंच आहे. पुढच्या आठ ऑगस्टला येऊन चालून दाखवा. ओझेला बाई म्हणतात, तोवर त्या थांबतील, पण त्यापुढचं सांगता येत नाही.

ता. क. २. मी ठीक आहे असं वर लिहिलंय. कागद स्वच्छ होता म्हणून खोडलं नाही. खुर्ची अजून मोटारीच्या मागच्या सीटवर आहे. पट्टा लावलाय. घरात नेववत नाही. तुम्हाला बसस्टँडवर घ्यायला येईन तेव्हा पुढे बसावं लागेल.