डाव्या चाकाचा जोड

अकोला,
मंगळवार, २ डिसेंबर

बंडू,

सलाम अन् रामराम, दोन्ही घे. आमी इकडे ठीक आहो, तुमी तिकडे अमरावतीत ठीक असाल असं धरून चालतो. अनवरीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र पहिल्यासारखंच चालू आहे. आरजूचं बी.एड. संपत आलं. वहिनीले माया सलाम सांगजो.

चार वर्सांनी मायं अक्षर पाहून तू म्हणशीन, याले आता काय आठवलं. फोन तू उचलत नाहीस, म्हून कागद घेतला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुया बाजूले बसून शिकलेलं अक्षर आहे, हसू नको.

मोठी गोष्ट पहिले सांगून टाकतो. तुई आचल मायाकडे आल्ती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, आपली पांढरी गाडी ट्रॉलीवर टाकून. तिच्यावर रागावू नको, रागवाचंच असन तर मायावर रागव, तुले सवय आहे. बाबाले सांगू नका काका, असं तिनं मायाकडून कबूल करून घेतलं होतं. मी ते आज मोडून राहिलो.

गाडी पाहून मले कसंतरीच झालं गड्या. जुन्या जीपची चेसी, आपण दोघांनी तीन वर्स घासून घासून बांधलेली. तू तिले पांढरा रंग मारला ते मले माहीत नव्हतं. चांगला दिसते. आचलनं सांगतलं का चवदा तारखेले मोर्शीकडच्या त्या बंद कारखान्यातल्या सरळ रस्त्यावर चारशे मीटरची रेस आहे, अन् गाडी तीच चालवणार. पण पुढची चाकं डुलतात. तू महिनाभर सगळं करून पाह्यलं, जमलं नाही, म्हून ती अकोल्याले आली.

बायपासच्या बाजूच्या रस्त्यावर तिनं मले एक फेरी करून दाखवली. पोट्टी भल्ली चालवते बंडू. तुयापेक्षा चांगली, खरं सांगतो. सुटताना काहीच नाही होत, गाडीचं नाक वर असते. शेवटी ॲक्सिलेटरवरून पाय उचलला का नाक खाली येते, सारं वजन पुढच्या चाकांवर पडते, अन् ठीक तवाच चाकं डुलाले लागतात. स्टिअरिंग हातातून हिसकावून घेते. तिच्या उजव्या मनगटाले सूज होती, ती तिनं बाहीखाली लपवली होती. तुले दिसली का?

मी रीतीनं गेलो. पहिले हवा पाह्यली, दोन्हीकडे सारखी नव्हती. चाकं बॅलन्स केली. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा एक जॉइंट ढिला निघाला, तो बदलला. मंग आपण ठेवत होतो तसंच सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाले सरकीच्या ढेपीचं पोतं ठेवलं अन् दोरी लावून चाकं सरळ केली. आचल म्हणे, काका मी काय पोत्याएवढी आहो काय. मी म्हटलं, नाही, पोतं जरा हलकं आहे. लय हसली.

तरी शंभराच्या वर जाऊन पाय उचलला का डुलेच. शेवटी स्टिअरिंगले डॅम्पर बसवला, टेम्पोचा जुना होता मायापाशी. मंग चार फेऱ्या मारल्या तिनं. चाक हललं नाही. गळ्यात पडली माया, अन् संध्याकाळी गाडी घेऊन गेली.

पण डॅम्परचं तुले माहीत आहे. तो डुलणं दाबते, काहून डुलते ते नाही काढत. म्हून हे लिहून राहिलो. रेसच्या पहिले गाडी एकदा वर घे अन् पुढचा एक्सल स्वतः पाह्य. डाव्या बाजूले जरा जास्त पाहजो. तसं काही नाही. गाडी जुनी आहे म्हून म्हणतो. तिकडे ताजा काळा रंग दिसन, तो मीच मारला. गंज चढला होता.

थंडी पडली इकडे. आजकाल मले झोप नाही येत, वय झालं असन. उत्तर नको धाडू पाह्यजे तर, पण एक्सल पाह्य.

तुया,
ताहेर

---

अकोला,
शनिवार, १३ डिसेंबर, सकाळचे सात

बंडू,

हे पत्र आरजू वाचून राहिली. तिले थांबवू नको. रागात तुले तिच्यात मायं तोंड दिसत असन, पण तिचं काही नाही यात.

मायं पहिलं पत्र काल परत आलं. न फोडता. पोस्टमननं वर लिहिलं होतं, घेण्यास नकार. मी ते ओट्यावर घेऊन बसलो होतो, तर आरजूनं हातातून घेतलं अन् फोडून वाचलं. मंग मले विचारलं, अब्बा, गंज होता तर तुमाले झोप काहून येत नाही? मास्तरीण होणार आहे ती, तिच्यासमोर खोटं टिकत नाही. रात्री सगळं सांगतलं तिले. म्हणाली, तुमी अमरावतीले जाऊ नका, तुमी दोघं भांडत बसान अन् गाडी निघून जाईन. मीच जाते. म्हून मिळन त्या पहिल्या बसनं तिले धाडून राहिलो. पाकिटात नाही टाकलं, का तुले परत करता येऊ नये.

तिले सांगतलं आहे का तुया गॅरेजात सगळे असतील तवाच वाच. मशिनी बंद कराले सांग. तू मले जे बोलला होतास ते चारचौघांत बोलला होतास, मंग हेही चारचौघांत झालं पाह्यजे.

आरजू, बेटा, पाणी पेऊन घे. आता थांबू नको.

गंज नव्हता बंडू. रंगाखाली तडा आहे.

डॅम्पर लावाच्या पहिले, आचल चहा आणाले गेली तवा, मी डावी बाजू तारेच्या ब्रशनं घासली, रॉकेल लावलं, पुसलं अन् वरून खडू घासला. तड्यात मुरलेलं रॉकेल दोन मिनिटांत खडूवर काळी रेघ होऊन उमटलं. माया मधल्या बोटाएवढी. चाकापासून चार बोटं आत, ठीक जिथं चार वर्सांपहिले मी एक्सलचं टोक कापून जरा मागं कलवलं अन् पुन्हा जोडलं होतं. वजन पडलं का तो जोड उघडते, चाकाचा कल बिघडते, म्हून चाक डुलते. सगळं तिथूनच आहे. हवा अन् जॉइंट उगाच बदनाम झाले.

जोड मारला त्या दिवशी दोन वाजता विजेची लाइन जाणार होती. लोखंड पहिले तापवून घे, असं तू मले दोनदा म्हटलं होतं. मी नाही तापवलं. लाइन जाच्या पहिले काम हातावेगळं कराची घाई होती, अन् तुयं ऐकाचा कंटाळा होता. जोड पाहून तू सगळ्यांसमोर म्हटलं, "ताहेर, तुया हात कच्चा झाला." मी पाने-हातोडे गोळा केले अन् अकोल्याले आलो. चार वर्स इथं प्रत्येक गिऱ्हाइकाले सांगतलं का बंडूले वेल्डिंगमधलं कळत नाही.

अन् मंग ती रेघ दिसली. आचलले सांगतो म्हटलं तर ती तुले सांगन, अन् तुया शब्द खरा ठरन. बस, एवढंच होतं. मी खडू पुसला, काळा रंग मारला, डॅम्पर बसवला. ती चहा घेऊन आली तवा हात धूत होतो. तिनं मले बिस्किट दिलं.

मले वाटलं होतं का ती जिंकन अन् मंग तुले कळन का चाक ताहेरनं थांबवलं. माया मनातली घाण आहे ही, झाकून ठेवत नाही.

गुरुवारी मी तिले फोन केला होता. सांगाचं ठरवूनच केला. ती म्हणाली, "काका, लोण्यासारखी चालून राहिली, बाबाबी चाट पडला." मी म्हटलं, हवा पाहून घेजो. अन् ठेवला.

आचल, तू तिथं उभी असशीन तर ऐक. तुयं मनगट हिसकत होतं ना, ते गाडी तुले सांगून राहिली होती का काहीतरी तुटून राहिलं. आता ती सांगणार नाही. शेवटच्या पट्ट्याले तू पाय उचलशीन, नाक खाली येईन, अन् डावं चाक आत दुमडन. थरथरही लागणार नाही हाताले. तितक्या वेगात कोणी वाचत नाही बेटा. गाडीत बसू नको.

बंडू, मायावर भरोसा नको ठेवू, तू ठेवणारही नाहीस. रॉकेल घे, खडू घे, रंग खरवड अन् स्वतः पाह्य. तवापासून तिनं किती फेऱ्या मारल्या मले माहीत नाही, रेघ वाढलीच असन. एक्सल कापून फेक. डॅम्पर काढून माया नावानं नालीत टाक.

आचलनं मले सांगतलं होतं का गाडी आज चार वाजता ट्रॉलीवर चढणार. आरजू दहा-साडेदहापर्यंत पोहोचते. एकच भेव आहे. सकाळपासून आमी दोघांनी आचलले नऊ फोन लावले, लागून नाही राहिला, अन् तूबी उचलून नाही राहिलास. रेसच्या आदल्या दिवशी सरावासाठी तुमी सकाळीच निघत तर नाही ना? आपण तसंच करत होतो. हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं मले.

आरजू, गाडी गॅरेजात नसन तर हे वाचत बसू नको. बंडूच्या हातात दे अन् त्याले मोटरसायकलवर बसव, मोर्शी रोडनं.

माया फोन हातातच आहे. शटर उघडलं नाही आज. तुया शब्द चार वर्स घेतला नव्हता, आज घेतो.

कच्च्या हाताचा,
ताहेर