टायर-गोदामाचा दरवाजा कोणाला?

मी, सैन्याच्या वाहन-दुरुस्ती कारखान्यातली निवृत्त हवालदार, वय वर्षे एकाहत्तर, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी आज तपासून तसा दाखला दिला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोडीगुलाबी केलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते धाकट्या बहिणीला मिळावे. माझी दूरच्या चौकीवर बदली झाली, तेव्हा तीन वर्षे दर आठवड्याला तिचे पत्र येत असे. बाकी कोणी माझ्याशी धड बोलत नव्हते.

२. थोरल्या बंधूंना काही नाही. नजरचुकीने राहिले असे समजू नये. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले होते, "घराण्याचं नाक कापलंस. गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" काय बिघडले असते ते पुढच्या कलमात आहे. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचावे.

३. टायर-गोदामाचा लाकडी दरवाजा. याची हकीकत लिहिल्याशिवाय वाटप समजणार नाही.

मी नवी मेकॅनिक असताना गोदाम एका कॅप्टनकडे होते. "साठा मोजायला ये, एकटीच," असा त्यांचा निरोप यायचा. मलाही आला, मी गेले. त्यांनी आतून कडी घातली आणि माझ्या अंगाला हात लावला. हातातला पाना मी सोडला नव्हता, म्हणून बाहेर आले. तक्रार आपल्याच तुकडीच्या प्रमुखाकडे द्यायची, असा तेव्हा नियम होता. प्रमुख आणि कॅप्टन रोज संध्याकाळी एकत्र पत्ते खेळत. कुंपणच शेत खाते तर दाद कोणाकडे मागायची? तरी मी तक्रार दिली, आणि आठव्या दिवशी माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला.

चौदा वर्षांनी हवालदार होऊन मी त्याच कारखान्यात परत आले. कॅप्टनचे मेजर झाले होते. गोदाम तेच, दरवाजाही तोच. नव्या मेकॅनिकांतल्या एकीला सगळे ठेंगणी म्हणत. एका दुपारी तिच्या हातून साधा नट बसेना.

"काय झालं गं?"

"बाई, उद्या साहेबांनी साठा मोजायला बोलावलंय. एकटीला."

"एकटी नाही जायचंस."

मी तिघा मेकॅनिकांना कारण सांगितले. तिघेही पुरुष. एकानेही दात काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जण गोदामात हजर.

मेजर म्हणाले, "एवढ्यांचं काय काम?"

मी म्हणाले, "साठा फार आहे, साहेब. दहा हात असलेले बरे."

त्या दिवशी टायर तेवढे मोजले गेले.

मग मी माझ्या वेळच्या आणि नंतरच्या बायकांना शोधून पत्रे लिहिली. अकराजणींची उत्तरे आली. तुकडीप्रमुखाला वगळून, एकाच दिवशी, प्रत्येकीने आपापला कागद थेट मुख्यालयात पाठवला. एक कागद गहाळ करता येतो. बारा कागद कुठे दडवणार? बाहेरून चौकशी मंडळ आले. पहिल्या दिवशी मेजर हसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी मागितले. ते बडतर्फ झाले. तक्रार तुकडीबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जाईल, तक्रारदाराची मनाविरुद्ध बदली होणार नाही, बंद दाराआड कोणाला एकटे बोलवायचे नाही, असे नियम झाले. गोदामाचा दरवाजा काढा, असाही हुकूम निघाला.

"हे काम कोण करील?" हुकूम वाचणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले.

मी आधीच पेचकस घेऊन उभी होते. शेवटचा गंजलेला स्क्रू ठेंगणीने काढला, आणि दरवाजा पडला तेव्हा अख्खा कारखाना टाळ्या वाजवत होता.

तो मी भंगारातून रीतसर घेतला आणि सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकून जेवणाचे टेबल केले. त्यावर आम्ही बाराजणी पोटभर जेवलो आहोत. तो प्रशिक्षण केंद्राला द्यावा. त्याभोवती बसवून नव्या मुलींना आणि मुलांनाही हे नियम शिकवावेत. तो पुन्हा कोणत्याही चौकटीत बसवू नये.

४. पान्यांची पेटी ठेंगणीला. आता ती त्याच कारखान्याची प्रमुख आहे. त्यातला एक पाना तिने केव्हाच लांबवला आहे. तो मागत नाही.

५. बँकेतली माझी ठेव तक्रारदार शिपायांच्या वकिलाच्या खर्चासाठी राखून ठेवावी. बहिणीने त्यावर देखरेख करावी.

स्थळ : राहते घर
दिनांक : ९ फेब्रुवारी
सही : निवृत्त हवालदार

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. याच कारखान्यातली मेकॅनिक, नोकरी तीन वर्षे (सही)

ताजा कलम : दुसऱ्या साक्षीदाराने कलम तीन वाचून विचारले, "बाई, साठा मोजायला एकटीला कसं बोलावतील? असं कुठे असतं का?" माझी सही वाकडी आली आहे ती हात थरथरल्यामुळे नव्हे, हसू न आवरल्यामुळे. दोन्ही साक्षीदारांनी तसे प्रमाणित केले आहे.