मोठ्यानं विचार करा

सोमवार, ४

आज पहिली फेरी झाली. सातवा मजला, काचेचं दार, आत नव्या रंगाचा वास. दहाच्या मुलाखतीला मी नऊ चाळीसला हजर. अकरा महिने घरी बसल्यावर इस्त्रीचा शर्ट अंगावर चढला, तेव्हाच निम्मी नोकरी लागल्यासारखं वाटलं.

बाकीचे उमेदवार माझ्या निम्म्या वयाचे, पदव्यांच्या फायली छातीशी धरून बसलेले. माझ्याकडे फाईल नाही. छापखान्यात टाइप जुळवता जुळवता, पहिली अठरा पानं नसलेल्या एका पुस्तकावरून मी प्रोग्रॅमिंग शिकलो. कुणाच्या हाताखाली नाही. दवाखान्यात पेशंटांना नंबर देणारी प्रणाली मी एकट्यानं लिहिली. चौदा वर्षं ती एकदाही कोलमडलेली नाही.

समोर तिघं होते: टक्कलवाले साहेब, पिवळ्या चष्म्याच्या बाई आणि एक गप्प बसणारा गृहस्थ. नियम एकच: फळ्यावर सोडवताना मोठ्यानं विचार करायचा, मनात काही ठेवायचं नाही. मला काय, हवंच होतं! बायको म्हणतेच, तुम्हाला विहीर कुठे विचारलं तर तुम्ही झऱ्यापासून सुरू करता. एक यादी उलटी करायची होती. तीन पद्धतींनी केली, प्रत्येकीचे गुणदोष सांगितले. तिघंही तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते.

पुढच्या फेरीत घेतलं. एकूण पाच आहेत. लेक म्हणाली, बाबा, पाचही मारणार तू.

मंगळवार, ५

दुसरी फेरी. क्रमवारी लावण्याच्या सगळ्या पद्धती विचारल्या, सगळ्या सांगितल्या. काम चोख झालं, पण किळस आली, ते लिहून ठेवतो.

मार्करचं टोपण चावलेलं होतं. आणि ओलं. मी रुमालानं पुसून घेतलं, तर रुमालाला लाळेचा धागा चिकटून वर आला. टक्कलवाले खुर्ची सरकवत थेट माझ्या कोपराशी आले. तोंडाला चार दिवस बंद राहिलेल्या डब्याचा वास. माझ्या प्रत्येक वाक्यासरशी त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर जायची, एकदा खाली. मी थांबलो की तीही थांबायची.

स्वच्छतागृहात कालचा दाढीवाला उमेदवार भेटला. राहिलेली फाईल न्यायला आला होता. म्हणाला, काका, पहिल्या प्रश्नाला जे येईल ते सांगितलंत ना, आता पुढच्याला माहीत नाही म्हणा आणि घरी जा. सांगितलेलं आपल्याकडे उरत नाही. मी स्वतः दोन उत्तरं देऊन बसलोय.

हरलेल्या माणसाचं रडगाणं, दुसरं काय! माहीत असताना माहीत नाही म्हणायचं? बावीस वर्षांत ते वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही.

बुधवार, ६

आज फेरी नव्हती. सरावाला बसलो. सोमवारची यादी उलटी करायला घेतली आणि हात थांबला.

विसरलो असं म्हणवत नाही. विसरलेल्याचं निदान टोक तरी हाताला लागतं. इथं दात पडल्यावर जीभ जाते तशी मऊ, बोळकी जागा. क्रमवारीचंही तेच. दीड तास कागद कोरा.

थकवा असेल. उद्या माझ्या स्वतःच्या कामावर प्रश्न आहेत. तिथं काय भीती!

गुरुवार, ७

तिसरी फेरी. चार तास दवाखान्याची प्रणाली समजावली. अर्ध्यात टक्कलवाल्यांना ढेकर आला. त्याला छापखान्याच्या शाईचा वास होता. शाईचा आणि रॉकेलचा. छापखान्याबद्दल मी त्यांना तोवर चकार शब्द बोललेलो नव्हतो.

मग गप्प गृहस्थ पहिल्यांदा बोलला. माझ्या आवाजात. क्रमवारीच्या पद्धती, त्याच क्रमानं, मधल्या माझ्या खाकरण्यासकट. सांगून झाल्यावर त्यानं ओठांचे कोपरे चाटले. बाईंच्या हनुवटीखाली टेबलावर लाळेचं थारोळं साचलं होतं.

मला उठायला हवं होतं. पण टक्कलवाल्यांनी हसत विचारलं, तुमच्याकडचं संपलं वाटतं? मी म्हटलं, संपायला मी काही कालचा पोरगा नाही.

आणि राहिलेलं सगळं सांगितलं. घरी येईपर्यंत दोनदा ओकलो.

शुक्रवार, ८

सकाळी दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन. नंबर अडकलेत, काय करू? मी म्हटलं, कसले नंबर? तो हसला. साहेब, थट्टा नको, बाहेर चाळीस माणसं उभी आहेत, तुम्हीच तर लिहिलंय. मी फोन ठेवला.

बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, जळो ती नोकरी, घरी बसा. तिचं बरोबर आहे. पण आता गेलो नाही तर माझ्याकडे येत होतं तेही नाही आणि नोकरीही नाही.

चौथी फेरी: शिकलात कसे? सांगितलं —

बाईंच्या जिभेवर पांढरा थर. तो हलत होता.

कपाटात एक फाटकं पुस्तक आहे. कशाचं, कोण जाणे. आपण नव्हे असलं काही वाचत.

शनिवार, ९. सकाळ

आज शेवटची. घरची माहिती. बायकोनं दारात हात धरून दहादा म्हणायला लावलं — मला माहीत नाही. म्हणाली, लेकीबद्दल एक अक्षर काढलंत तर माझी शपथ.

तीनच शब्द. जमतील.

शनिवार. दुपार

म्हटलं. नऊ प्रश्नांना म्हटलं. तिघं वाळत चालले होते. ओठांना भेगा पडल्या —

मग टक्कलवाले बाकीच्या दोघांना म्हणाले, यांची मुलगी वर्षाची झाल्यावर उभी राहिली असेल. स्वयंपाकघरात वगैरे.

चूक होतं ते. साफ चूक. नऊ महिन्यांची, खिडकीशी, माझा पायजमा धरून — दुरुस्त करायलाच हवं होतं — एक दुरुस्त केलं की पुढचं — त्यांनी मुद्दाम सगळंच चुकीचं —

गिळण्याचे आवाज. अजून कानात.

रविवार

नोकरी लागली. उद्यापासून टेबलाच्या त्या बाजूला बसायचं. चौथी खुर्ची.

घरातली बाई रडते आहे. जेवायला वाढलं. सगळं जेवलो. पोट रिकामंच.

एक मुलगी आहे इथं. मला बाबा म्हणते. माझ्या लक्षात यावं म्हणून समोर बसून सांगते आहे. सायकल — वळणावर पडली — मी उचललं म्हणे —

तोंडाला पाणी सुटलं. ओघळ शर्टावर. वहीवर. पुसत नाही.

गोड आहे.

ती अडखळली. उचललं त्याच्यापुढचं तिला आठवेना. घाबरली. बाई तिला ओढते आहे, मी दाराला कडी घातली. खुर्ची जवळ घेतली. म्हटलं, असू दे, त्याच्या आधीचं सांग — अगदी लहानपणचं — सावकाश —

बोलते आहे —